तिसरा दोर

दुसरा दोर तुटला तो भर सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ताण तपासायला त्याचं एक टोक शेडच्या शेवटच्या खांबाला बांधलं होतं, दुसरं चाकाला. आईने चाकाला जेमतेम अर्धा वेढा दिला आणि दोराने मधोमध जीव सोडला. दोन्ही तुकडे सावकाश वर गेले आणि छताच्या पत्र्याला जाऊन चिकटले. ढगलोकरीचा दोर तुटला की खाली पडत नाही, वर जातो. त्यामुळे या घराण्याची प्रत्येक फजिती लांब काठीच्या झाडूने छतावरून खाली ओढावी लागते.

"लोकरीची एकच टोपली उरली," आजोबा म्हणाले. ते न सांगतासुद्धा सगळ्यांना दिसत होतं.

खरं तर शेड टोपल्यांनी भरलेली असायला हवी होती. दरवर्षी वारा फिरला की उडती टेकडी गावावरून जाते. हे लोक तिला दोर लावून थोपवतात, वर चढून झुडपांवरची ढगलोकर काढतात आणि टेकडीला पुन्हा वाट मोकळी करून देतात. त्या लोकरीचे दोर बंदरातल्या जहाजांना लागतात, कारण जड ओझं त्यांच्यावर हलकं होतं. पणजोबांच्याही आधीपासून हाच धंदा. पण गेल्या वर्षी टेकडी बांधलेली असतानाच वादळ आलं. टेकडीने दोरासकट शेड ओढायला सुरुवात केली, अर्धं छप्पर उचकटलं, आणि त्या छपराला लोंबकळत होती घरातली धाकटी. बाबा खांब धरून होते, आई चाकावर. आत्याने कुऱ्हाड उचलली आणि दोर कापला. धाकटी वाचली. टेकडी मात्र गेली, आणि टेकडीवर होता तिचा दादा.

तो जिवंत होता. वर झरा होता, फळं होती, आणि लांबून येणाऱ्या खलाशांनी टेकडीवर धूर पाहिला होता. आज दुपारी टेकडी गावावर येणार होती. न बांधलेली टेकडी दर फेरीला आणखी वर चढते, हे आजोबांनी लहानपणीच ऐकलं होतं. म्हणजे आज दोर पोचला तर पोचला. पुढच्या वर्षी ती कुठल्याच दोराच्या आवाक्यात राहणार नव्हती.

धाकटीला घरात सगळे भुणभुण म्हणत, कारण तिचं तोंड कधी बंद नसे. आत्ता मात्र तीही गप्प होती. शिडीवर चढून ती छताला चिकटलेल्या तुकड्याचं टोक बघत होती.

आजोबांना राग कधीच आवडला नव्हता. त्यांचे वडील तापट होते. शेडमध्ये त्यांचा आवाज चढला की बंदरावरची माणसं मान वळवून बघत. आजोबांनी शेड हातात घेतली तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही, की शेडमध्ये शांतता आणली. घराण्याचा जुना रिवाज तेवढा ठेवला. आत पाऊल टाकण्याआधी चौकटीला हात लावायचा आणि म्हणायचं, "मनात काही नाही." ढगलोकरीला वळणाऱ्याचं मन कळतं. मनात अढी असलेल्या माणसाने वळलेला पेड धरत नाही, म्हणून हे म्हणायचं. आज सकाळीही सगळ्यांनी म्हटलं होतं, तरी दोन दोर तुटले होते.

त्यांनी एकेकाला विचारून बघितलं. आईने मान हलवली. आत्याने हात पुसत सांगितलं की तिचं कुणाशी काही नाही. बाबांना विचारण्याची वेळच आली नाही. ते आपण होऊनच म्हणाले, "ताईबद्दल माझ्या मनात काहीसुद्धा नाही, बाबा. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं."

हे वाक्य बाबा वर्षभर म्हणत होते. जेवताना, शेजारी आले की, आत्याने दाराची कडी वाजवली की. दर वेळी तोच सूर, तोच शेवट. आजोबांना ते ऐकून बरं वाटे. आपला मुलगा आपल्यावर गेला, असं ते मनाशी म्हणत.

"मग एकच उपाय," आई म्हणाली. तिने चाकाची मूठ सोडली आणि ओढणी खांद्यावर घट्ट बांधली. "वन्सं, आजच्या दिवस तुम्ही बाहेर बसा. तुमचा पेड मी वळते. चाकाला शेजारच्या कुणाला तरी बोलावू."

तिने ते अगदी हळू म्हटलं, पण म्हटलं. आत्याने तिच्याकडे बघितलं. आत्या या घरातली सगळ्यात चांगली दोर वळणारी होती, हे आई स्वतःच दहा जणांना सांगे. आजोबांनी घसा साफ केला आणि जमिनीकडे बघत म्हणाले की आजच्यापुरतं तसं करून बघायला हरकत नाही. बाबा पुढे झाले आणि आत्याला म्हणाले की तिने वाईट वाटून घेऊ नये.

आत्याने अंगातला चामड्याचा ॲप्रन सोडला, घडी घातली आणि बाकावर ठेवला. ती दाराकडे निघाली. बाहेर बंदराच्या बाजूला, समुद्र आणि आभाळ जिथे टेकतात तिथे, एक करडा ठिपका दिसायला लागला होता.

"आत्या, थांब," शिडीवरून भुणभुण म्हणाली. "तुझा पेड तुटलेला नाहीये."

कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण तिच्याकडे लक्ष न देण्याची सगळ्यांना सवय होती. म्हणून ती खाली उतरली, तुकडा ओढून आणला आणि बाबांच्या पुढ्यात धरला. दोरात तीन पेड असतात. एक बाबांनी वळलेला, एक आत्याने, एक भुणभुणने. भुणभुणचा पेड नवा असावा तसा चकचकीत आणि घट्ट होता. आत्याचा कुठे कुठे सैल होता, पण शाबूत होता. आणि बाबांचा आतून पोकळ होता. वरून नीट दिसत होता, पण बोट दाबलं की आत नुसती हवा.

"पहिल्या दोराचंही तसंच झालंय," भुणभुण म्हणाली. "मी बघितलं."

बाबा म्हणाले की असं कसं होईल, त्यांनी तर सगळं अगदी मनापासून केलं होतं. आजोबा म्हणाले की पोरीच्या पेडाचं आश्चर्य आहे, ती तर पूर्ण वेळ पुटपुटत होती, दोनदा तिला गप्प बसवावं लागलं.

"तेच म्हणतेय मी. मी पुटपुटत होते." भुणभुणला आता थांबवणं कठीण होतं. "तुम्ही मला वर्षभर झाडावर चढू देत नाही, समुद्रावर जाऊ देत नाही, काचेचं भांडं असल्यासारखं वागवता, म्हणून मला राग आलाय. दादा तिकडे आणि मी इकडे, म्हणून सगळे माझ्याकडे बघतात आणि मग दुसरीकडे बघतात, त्याचाही राग आलाय. ते सगळं मी वळताना बोलून टाकलं. पेड धरला. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांचा तुटला."

आजोबा बाकावर बसले. त्यांना त्यांचे वडील आठवले, त्यांचा तो बंदरापर्यंत जाणारा आवाज. सकाळभर वडील आणि काका एकमेकांचा उद्धार करत. कुणी काय केलं, कुणी काय करायला हवं होतं, सगळं बाहेर काढत. मग पाणी पीत, तोंड पुसत, चौकटीला हात लावत आणि म्हणत, मनात काही नाही. तेव्हा खरोखरच काही उरलेलं नसे. आजोबांनी भांडण बंद केलं आणि वाक्य ठेवलं. इतकी वर्षं निभावलं, कारण इतकी वर्षं घरात गिळण्यासारखं मोठं काही झालंच नव्हतं.

"अरे," ते मुलाला म्हणाले, "मी तुला चुकीचं शिकवलंय. ताईशी भांड."

बाबा हसले. ते तेच समजुतीचं हसू होतं. "माझं खरंच काही नाही, बाबा."

आणि तेव्हा आई उलटली. मघाशी आत्याला बाहेर काढणारी आई चाकापासून निघाली ती थेट बाबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"रात्री तुम्ही दात खाता," ती म्हणाली. "झोपेत. वर्षभर मी ऐकतेय. सकाळी उठून यांना विचारता, ताई, चहा घेणार का. अहो, माझा मुलगा वर आहे. तुमच्या चांगुलपणापायी मी त्याला घालवणार नाही. बोला."

बाबांनी टोपलीतून लोकरीचा झुपका उचलला, आकड्याला लावला आणि वळायला सुरुवात केली. बोलायचं तर हाताला काम हवं, हा त्यांचा स्वभाव होता. आत्याने ॲप्रन न घालताच दुसरा झुपका घेतला. भुणभुणने तिसरा. आजोबांनी खाचांचा लाकडी ठोकळा हातात धरला, ज्यातून तीन पेड येऊन एकमेकांना बिलगतात. आई चाकावर गेली.

"तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस," बाबा म्हणाले. आवाज लहान होता. "मी हाकेवर होतो, ताई. कापण्याआधी एकदा माझ्याकडे बघायचं होतंस."

"बघितलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो. माझा मुलगा होता तो."

"आणि छपराला लटकली होती ती कोणाची होती?"

"मला शिकवू नकोस." आता आवाज लहान नव्हता. "लहानपणापासून तू हेच करत आलीस. तू ठरवायचंस, तू करायचंस, मग आम्ही म्हणायचं की ताईचं बरोबर होतं. बरोबर होतं. मला माहीत आहे बरोबर होतं. म्हणून तर बोलता येत नाही. तू चुकली असतीस तर मी कधीच तुझ्याशी भांडून मोकळा झालो असतो."

आत्याचे हात थांबले नाहीत. तिने एवढंच सांगितलं की तशी वेळ पुन्हा आली तर ती पुन्हा कापेल, आणि त्याच्याकडे न बघताच कापेल. बाबांनी तिला पाषाणहृदयी म्हटलं. तिने त्याला गुळमुळीत म्हटलं, आणि वर्षभर त्याच्या हातचा गोड चहा पिऊन तिला उबग आला असल्याचंही सांगून टाकलं. आजोबांच्या मनात मधे पडायचं आलं, पण त्यांनी ठोकळाच तेवढा पुढे सरकवला. चाकावरून आई म्हणाली की ती रोज सकाळी भुणभुणला बघते आणि तिला हायसं वाटतं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी तिने आज वन्संना बाहेर काढलं. बोलताना ती चाक फिरवतच होती. भुणभुण हे सगळं ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिने पेड सोडला नाही.

दोर शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचला की तयार भागाचं वेटोळं करून ते पुढचा वळत, आणि दोर वाढत गेला. आईने ताण दिला. अर्धा वेढा, एक वेढा, आणखी एक. खांब कुरकुरला. दोर धरून राहिला.

"पुरे," आजोबा म्हणाले. "बाहेर घ्या. टेकडी आली."

उडत्या टेकडीच्या कड्यावर दादा पोटावर पालथा पडून खाली बघत होता. त्याच्या अंगावरचा शर्ट आता कोपरापर्यंतच पुरत होता. वर्षभरात त्याने एकट्याने बरंच काही शिकून घेतलं होतं. पावसाचं पाणी साठवायला, कातळातली ऊब शोधायला, झुडपांतल्या चावऱ्या पाखरांपासून जेवण वाचवायला. एकट्याने भांडायला मात्र त्याला जमलं नव्हतं. ती सवय भुणभुणपाशी घरातच राहिली होती.

खाली शेड काडेपेटीएवढी दिसत होती. तिच्यातून एक पांढरी रेघ निघाली आणि वर येऊ लागली. ढगलोकर आपोआप वर चढते, पण वाऱ्याने ती इकडेतिकडे भरकटत होती. दादा कड्याच्या अगदी टोकाला गेला, पायांनी झुडपाची मुळी पकडून अर्धा बाहेर लोंबकळला, आणि टोक हाताला लागताच त्याने ते कातळाच्या मानेभोवती आवळलं. खालून कुणीतरी ताण दिला. दोर सरळ झाला.

त्याने कान टेकवला. ढगलोकरीतून आवाज चांगला जातो; लहानपणी दोरा ताणून काडेपेटीच्या खोक्यांचा फोन करायचे तसाच. आधी नुसती गुणगुण ऐकू आली, मग शब्द लागले. बाबा कुणाला तरी म्हणत होते की हात जरा डावीकडे घे, एवढंही कळत नाही का. आत्या म्हणत होती की तिला शिकवायची गरज नाही. भुणभुण एकाच वेळी दोघांनाही काहीतरी सांगत होती. आई म्हणत होती की आधी मुलाला खाली येऊ द्या.

दादाला हसू आलं. दोर कापल्यावरही बाबा आत्याशी बोलतायत, तेही असं, म्हणजे घर शाबूत आहे, असं त्याला वाटलं. त्याने कमरेचा पट्टा दोराभोवती फिरवून पक्का केला आणि कडा सोडला.

आत्या दोराच्या बुंध्याशी उभी होती. खांबाला वळसा घालून चाकाकडे गेलेल्या दोरावर तिचे हात होते. बाबा आणि आई दोघंही चाकावर ओणवे होते, कारण टेकडी ओढत होती आणि एक जरी हात सुटला तरी चाक उलटं फिरलं असतं. आजोबांनी चाकाखाली पाचर धरली होती. भुणभुण दोराकडे डोळे लावून होती. वरचा ठिपका मोठा होत होता, त्याला हात फुटले, पाय फुटले.

"आत्या," भुणभुण म्हणाली, "तुझा पेड."

आत्याला ते आधीच दिसलं होतं. दादाच्या थोडं खाली, तीन पेडांतला एक फुगायला लागला होता. दोराला फोड यावा तसा तो सैल होऊन बाहेर येत होता. बाबांचा नव्हता. तिचा होता. आणि का, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती बरंच बोलली होती, पण एक गोष्ट तिने गिळलीच होती. ती तिने कुणासाठी तरी गिळली होती, म्हणून ती अढी नव्हे, असं ती स्वतःला समजावत आली होती. लोकरीला मात्र तो फरक कळत नव्हता.

दादा थांबला. दोर त्याच्या हातात हलला असणार.

"त्यानं सांगितलं होतं," आत्या म्हणाली.

बाबांना कळलं नाही. चाकावरून मान न उचलता त्यांनी काय म्हणून विचारलं.

"कापायला. त्या दिवशी कड्यावर उभा होता तो. त्याला छप्पर दिसत होतं, ही लटकलेली दिसत होती. त्यानं हात वर केला आणि खाली आणला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. काप म्हणून. मी त्याच्याकडे बघत होते, म्हणून तुझ्याकडे बघितलं नाही."

आईच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला. बाबांनी विचारलं की हे तू वर्षभर का सांगितलं नाहीस.

"सांगून मी मोकळी झाले असते," आत्या म्हणाली. "आणि तू त्याच्यावर रागावला असतास. तो इथे नव्हता. नसलेल्या पोरावरचा राग घेऊन तू कुठे गेला असतास? म्हटलं, माझ्यावर राहू दे. मी इथे आहे."

वर फुगलेला पेड आकसला. एकेक धागा जागेवर बसल्याचं भुणभुणला खालून दिसलं, आणि तिने ते मोठ्याने सांगितलंही. पण बाबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी मान वर केली, वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि ते दोराच्या दिशेने गरजले.

"ऐकू येतंय ना तुला? स्वतःचा दोर कापायला सांगतोस? कुणाला विचारून? ये खाली. तू आधी खाली ये, मग मी बघतो तुझ्याकडे."

बंदरावर चार माणसांनी माना वळवल्या. आजोबांनी पाचर आणखी घट्ट धरली.

दादा आता वेगाने उतरत होता. त्याचे जुने झालेले बूट दिसले, मग ढोपरं, मग वाढलेले केस. आत्याने दोरावरून हात काढले आणि ती दोन पावलं मागे सरली. मुलाला पहिल्यांदा आईबापांनी हात लावावा, असं तिच्या मनात होतं. ते चाक सोडू शकत नाहीत, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

"मागे काय सरतेस, ताई?" बाबा ओरडले. "तू सोडलंस ना त्याला? मग तूच धर."

आत्या पुढे झाली आणि तिने हात पसरले. दादा उतरला तो सरळ तिच्या अंगावर. वर्षभरात तो तिच्यापेक्षा उंच झाला होता आणि चांगलाच जड. दोघंही जमिनीवर आपटली, भुणभुण त्यांच्यावर येऊन पडली, तरी आत्याने त्याचा दंड सोडला नाही. चाकापाशी आई त्याच्या नावाने हाका मारत होती, आणि तिच्या शेजारी बाबा रडत रडत त्याला रागावत होते.